व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, म्हणजे मुलीकडे न्यू जर्सीला हवं तितकं राहता येईल, असं धरून चालणारे आई-वडील पुष्कळ भेटतात. उलट टोकाची मंडळीही असतात. व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय म्हणून ती तिकीटच काढत नाहीत. दोघांचाही घोटाळा एकाच जागी होतो. व्हिसाची मुदत वेगळी, मुक्कामाची मुदत वेगळी. शिवाय या दोन मुदतींचा एकमेकींशी संबंध काय, हे प्रत्येक देशाने आपापल्या परीनं ठरवलंय. खरी गंमत तिथेच आहे.

अमेरिकेचं आधी बघू. बी-१/बी-२ या, पर्यटन आणि कामानिमित्त भेटीच्या व्हिसावर छापलेली शेवटची तारीख ही विमानतळावर उतरून प्रवेश मागण्याची मुदत. आत किती दिवस राहायचं याच्याशी तिचा संबंध नाही. ते उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या प्रवेशाच्या नोंदपत्रात होते. पर्यटकाला साधारण सहा महिने मिळतात. विमानतळावर आता त्याचा कागद हातात देत नाहीत. सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या, संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकला की आय-९४ दिसतो, आणि त्यातली ‘ॲडमिट अंटिल डेट’ हीच खरी तारीख. ती उतरल्यावर एक-दोन दिवसांत बघून प्रिंट काढून ठेवावी. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर कधी कधी सहा महिन्यांऐवजी पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचीच तारीख पडते, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

म्हणजे उतरल्यानंतर आठवड्याभरात व्हिसा संपला, पण आय-९४ वर सहा महिन्यांपुढची तारीख आहे, तर तोवरचा मुक्काम पूर्ण कायदेशीर. आणि व्हिसा २०३३ पर्यंत आहे, पण आय-९४ ची तारीख काल उलटली, तर तुम्ही आज बेकायदा राहताय. एका दिवसाच्या उशिरानेही तो दहा वर्षांचा व्हिसा रद्दबातल होतो. अशी बेकायदा राहणी १८० दिवसांच्या वर गेली आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा. आणखी थांबायचंच असेल तर आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज आय-९४ ची तारीख उलटण्याआधी करायचा. कॅनडात आठवडाभर जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात, हा सल्लाही ओळखीपाळखीतून फार फिरतो. त्यावर विसंबून परतीचं तिकीट काढू नये. जुनीच तारीख कायम राहू शकते.

शेंगेनचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचं, गणित याच्या उलट. तिथे दोन्ही मुदती एकाच वेळी सांभाळाव्या लागतात आणि जी आधी संपेल ती तुम्हाला बाहेर काढते. व्हिसाच्या स्टिकरवर ‘फ्रॉम’ आणि ‘अंटिल’ अशा दोन तारखा असतात आणि त्याखाली ‘ड्युरेशन ऑफ स्टे’चे दिवस. समजा, १० मे ते ८ जून आणि दिवस १५. तारखांमधले दिवस मोजले तर ३० भरतात. हे जास्तीचे १५ दिवस म्हणजे प्रवास पुढे-मागे झाला तर असावी म्हणून ठेवलेली सवलत. फिरायला मिळालेली सुट्टी नव्हे. २० मेला उतरलात तर शेवटचा दिवस ३ जून, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. ३० मेला उतरलात तर १५ दिवस मिळणारच नाहीत. ८ जूनला खिडकी बंद होते, म्हणजे हातात दहाच दिवस. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल आणि इमिग्रेशनच्या रांगेत बारा वाजून गेले, तर नवा दिवस धरला जातो. मुंबईला येणारी रात्रीची विमानं निवडताना हे बघाच.

त्याच स्टिकरवर आणखी एक रकाना असतो, एंट्रीचा. तिथे ‘०१’, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल आणि तुमचा बेत पॅरिस, लंडन, पुन्हा ॲमस्टरडॅम असा असेल, तर शेंगेनबाहेरच्या लंडनला पाय ठेवताच तुमची शेंगेनची एंट्री संपली. दिवस शिल्लक असले तरी उपयोग नाही. लंडन एका टोकाला ठेवा, नाहीतर अर्जातच ‘मल्टिपल’ मागा.

दोन किंवा पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा मिळाला तरी मुक्कामाच्या रकान्यात ९० च असतं: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. हे १८० दिवस कॅलेंडरच्या सहामाहीचे नाहीत. ज्या दिवशी मोजाल त्या दिवसापासून मागे जायचं. २०२६ मध्ये १ जानेवारी ते ३१ मार्च राहिलात तर ९० दिवस भरले. पुन्हा पाऊल ठेवता येईल ते ३० जूनला, त्याआधी नाही. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर यासाठी कॅल्क्युलेटर आहे, तोच वापरावा. बोटांवर मोजताना एक दिवस हमखास चुकतो. पूर्वी शिक्का पुसट उमटला की वाद घालायला थोडी जागा असायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ईईएस (एंट्री/एक्झिट सिस्टीम) यंत्रणेत चेहरा आणि बोटांच्या ठशांसह येण्या-जाण्याची नोंद होते आणि दिवस संगणकच मोजतो.

ब्रिटनचं या दोन्हींच्या मधलं. दहा वर्षांचा व्हिजिट व्हिसा असला तरी एका खेपेला सहा महिनेच, आणि व्हिसा संपायच्या आत बाहेर पडायचं. त्यामुळे सहा महिन्यांच्या व्हिसावर दोन महिने उशिरा गेलात तर चारच उरतात. सिंगापूर अमेरिकेच्या वळणावर जातं: व्हिसा दोन वर्षांचा असला तरी राहायचे दिवस उतरल्यावर ईमेलने येणाऱ्या ई-पासवर लिहिलेले असतात.

व्हिसा हातात आला की एजंटच्या काउंटरवरच तारखा, दिवस, एंट्री आणि पासपोर्ट क्रमांक तिकिटाशी ताडून बघा. छपाईची चूक असेल तर निघण्याआधी वकिलातीकडून दुरुस्त करून घेता येते. फ्रँकफर्टच्या इमिग्रेशन काउंटरवर मात्र स्टिकरवर जे छापलंय तेच धरतात.