पार्श्वभूमी : शिशाचे पत्रे आणि 'फार्माकोन'चा घोळ

अथेन्सच्या केरामैकोस दफनभूमीतल्या एका विहिरीतून शापाचे ३० शिशाचे पत्रे निघाल्याची बातमी २०२० साली आली आणि ग्रीकांच्या जादूटोण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. अशा पत्र्यांची संख्या आज सोळाशेच्या वर गेली आहे. सर्वांत जुने सिसिलीतल्या सेलिनुसचे, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरच्या आसपासचे. इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत ही रीत अथेन्समध्ये चांगलीच रुळली होती.

कृती सोपी. अथेन्सजवळच्या लॉरिअनच्या खाणीत चांदीबरोबर शिसं भरपूर निघे, त्यामुळे ते स्वस्त होतं. पातळ पत्र्यावर टोकदार काडीने नाव कोरायचं, 'मी याची जीभ बांधतो, हात बांधतो, धंदा बांधतो' असं लिहायचं, घडी घालून खिळा ठोकायचा आणि पत्रा एखाद्या थडग्यात सरकवायचा. निरोप पाताळात न्यायचं काम मेलेल्याचं. २००३ मध्ये अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेअसजवळच्या एका थडग्यात असे पाच पत्रे मिळाले. चार पत्र्यांवर दारूचे गुत्ते चालवणाऱ्या नवरा-बायकोंच्या जोड्यांना शाप आहे, पाचवा कोराच. त्याच्यावर बहुधा मंत्र नुसता तोंडाने म्हटला असावा. केरामैकोसमध्येच शिशाच्या चिमुकल्या शवपेटीत हात मागे बांधलेली शिशाची बाहुली सापडली. झाकणावर नावांची यादी आणि शेवटी 'यांच्या बाजूने बोलणारा किंवा साक्ष देणारा आणखी जो कोणी असेल तो'. एकूण काय, खटला उभा राहण्याआधी वकिलाकडे जावं तसे लोक मांत्रिकाकडेही जात.

याला 'जादू' म्हणावं का, हा प्रश्न जुनाच आहे. ग्रीकांचा 'मागेइया' हा शब्द इराणी पुरोहितांच्या नावावरून आलेला, म्हणजे शत्रूच्या धर्मावरून पडलेला. (आपला 'जादू'ही फारसीतूनच आला. परक्याच्या देवधर्माला चेटूक म्हणायची खोड सगळीकडे सारखीच.) पण खरा गुंता 'फार्माकोन' या शब्दाचा. औषध, विष, वशीकरणाचं पाणी, मंतरलेली वस्तू, इतकंच काय, रंगसुद्धा, सगळं एकाच शब्दात. म्हणूनच तेओस या शहराने इ.स.पू. ४७० च्या सुमारास नागरिकांवर 'घातक फार्माकोन' करणाऱ्याविरुद्ध फर्मान काढलं, तेव्हा 'घातक' हे विशेषण मुद्दाम घालावं लागलं. गंमत म्हणजे ते फर्मानही शापच होता : असा माणूस कुळासकट नष्ट होवो.

अथेन्समध्ये जादूविरुद्ध वेगळा कायदा असल्याचा पुरावा मिळत नाही. तरीही इ.स.पू. चौथ्या शतकात लेम्नॉस बेटावरच्या एका बाईला अथेन्समध्ये देहदंड झाला, आणि तिच्याबरोबर सगळ्या कुटुंबालाही. कशासाठी, यावर जुन्या लेखकांचं एकमत नाही. एका न्यायालयीन भाषणात ती 'फार्माकिस', म्हणजे फार्माकोन करणारी बाई आहे. तिची मोलकरीण फितूर झाली आणि तिच्याकडची औषधं व मंत्र, ज्याच्याविरुद्ध ते भाषण होतं त्या विरोधकाच्या भावाच्या हाती लागले, असं तिथे म्हटलंय. भाषण त्या विरोधकाला बदनाम करण्यासाठीच केलेलं, बाईचा उल्लेख ओघात येतो. दुसरा लेखक तिला भविष्य सांगणारी म्हणतो आणि गुन्हा देवद्रोहाचा. बऱ्याच नंतरचा तिसरा तिला पुजारीण ठरवतो, आणि आरोप काय, तर गुलामांना फसवणूक शिकवली. मंत्र म्हणणारे, ताईत देणारे शहरात कमी नव्हते. मग देहदंड हिच्याच वाट्याला का? परकी, बाई, आणि गुलामांची तिच्याकडे ये-जा. आरोपाचं नाव काहीही असो, वजन याच गोष्टींचं पडलं असणार. तिची बाजू कुणीच लिहून ठेवलेली नाही.

त्याच शतकातल्या एका तत्त्वज्ञाने आपल्या कल्पनेतल्या नगरीसाठी नियम सुचवला : शाप देणारा व्यावसायिक ज्योतिषी-मांत्रिक असेल तर देहदंड, साधा माणूस असेल तर न्यायालय ठरवेल ती शिक्षा. दारावर, तिठ्यावर, आईबापांच्या थडग्यावर मेणाची बाहुली दिसली की लोकांची समजूत काढणं व्यर्थ, हेही तो कबूल करतो. तिठ्यावर महिनाअखेरीला, चंद्र दिसेनासा झाला की, हेकाते देवीसाठी ताट ठेवलं जाई. गरीब ते उचलून खात. अमावास्येचा उतारा पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे रोमन काळात इजिप्तमधल्या ग्रीक पपायरसांवर मंत्रांची तयार कृतिपुस्तकं दिसू लागतात, आणि १९व्या शतकापासूनचे अभ्यासक 'धर्म' एका खणात, 'जादू' दुसऱ्या खणात ठेवत आले. गेल्या काही दशकांत ही वाटणी बरीच मोडीत निघाली आहे. २००६ मध्ये अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, कारागीर काम करत त्या इमारतीच्या जमिनीखाली, इ.स.पू. ३०० च्या आसपासचं एक मातीचं भांडं मिळालं. आत कोंबडीच्या कोवळ्या पिलाचं डोकं, पायांचे तुकडे आणि एक नाणं, भांड्यात ठोकलेला लोखंडी खिळा आणि बाहेरून कोरलेली पन्नासहून जास्त नावं. ती वाचून प्रसिद्ध व्हायला २०२१ उजाडलं.