फारियाला ड्युमाने इटालियन केलं

पणजीत जुन्या सचिवालयालगत एक पुतळा आहे. पायघोळ झग्यातला पाद्री, पुढे रोखलेले दोन्ही हात आणि समोर निद्रावश होऊन कलंडलेली बाई. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवलेला हा आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला.

जगाला मात्र तो ठाऊक झाला फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर ड्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्तो’मुळे (१८४४-४६). ड्युमाने नाव उचललं आणि माणूस बदलला. त्याचा फारिया इटालियन. अखंड इटलीची स्वप्नं पाहिली म्हणून मार्सेयसमोरच्या शातो दीफ किल्ल्यात डांबलेला, तिथेच मरणारा. खरा फारिया १७७१ मध्ये वडिलांबरोबर गोव्याहून निघाला, रोममध्ये शिकला आणि गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट (१७८७) फसल्यावर पॅरिसला गेला. १८१३ पासून तिथे त्याची संमोहनावरची व्याख्यानं गाजली. झोप संमोहकाच्या हातातून वाहत नाही, ती झोपणाऱ्याच्याच मनातून येते, हे त्याचं म्हणणं. त्याची टर उडवणारं नाटकही पॅरिसच्या रंगभूमीवर आलं. १८१९ मध्ये तो त्याच शहरात वारला. पण कादंबरीतली त्याची कोठडी शातो दीफमध्ये आजही पर्यटकांना दाखवतात! आपणही काही कमी नाही म्हणा: पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना त्याची बोबडी वळली आणि बापाने कोंकणीतून ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असा धीर दिला, ही आख्यायिका गोव्यात इतिहास म्हणूनच सांगितली जाते.

मराठीत इतिहासात कल्पित मिसळण्याची ही वाट रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) सुरू होते. तिथे काळ शिवाजी महाराजांचा, पण कथा कल्पित माणसांची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तानाजीसारख्या खऱ्या वीरालाच कादंबरीत आणलं. मला गुंजीकरांची रीत अधिक पटते.

गोव्याच्या इतिहासात तिला वावही भरपूर आहे. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीत १५८३ मध्ये गावकऱ्यांनी मारलेल्या पाच जेझुइट धर्मप्रचारकांबद्दल त्यांच्या संघाने सविस्तर लिहून ठेवलं. पुढे बोलणी करायला म्हणून बोलावून पोर्तुगीजांनी आसोळण्याच्या किल्ल्यात ज्यांना कापलं, त्या गावकरांच्या, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांच्या, घरांत आदल्या रात्री काय बोलणं झालं, ते कुणी टिपलं नाही. एकाने साळ नदीत उडी घेतली आणि तो वाचला म्हणतात. कादंबरीकाराने त्याला खुशाल बायको-पोरं द्यावीत, भीती द्यावी, पश्चात्तापही द्यावा. आसोळण्याच्या किल्ल्यातून बाकीच्यांना मात्र जिवंत बाहेर काढू नये.