वाकणारे फाँडंट, वाळणारी गमपेस्ट

घरी केक सजवायला बसलेल्या माणसासमोर फाँडंट आणि गमपेस्ट यांचे दोन पांढरे गोळे ठेवले, तर त्यांतले कोणते कुठले हे नुसते पाहून सांगणे अवघड असते. दोन्ही आयसिंग शुगरचीच बनलेली असतात, दोन्ही कणकेसारखी मळावी लागतात, दोन्ही लाटता येतात आणि दोन्हींत जेलचा रंग सारखाच मिसळतो. त्यामुळे एक संपले की त्याच्या जागी दुसरे वापरावे, असे वाटणे अगदी साहजिक आहे. मीही तेच केले होते. पहिल्यांदा गुलाब करायला घेतला तेव्हा हाताशी फक्त फाँडंट होते. एकेक पाकळी लावून रात्री फूल उभे केले आणि समाधानाने झोपले. सकाळी पाहते तर बाहेरच्या पाकळ्या खाली लोंबून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि कडांना दिलेली चुणी पार सपाट झाली होती. पाकळ्या करताना हात नीट चालला होता, फक्त पदार्थ चुकीचा घेतला होता.

दोघांतला फरक आहे तो ओलाव्याचा. फाँडंटमध्ये आयसिंग शुगरबरोबर ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, थोडी वनस्पतिजन्य चरबी आणि बांधून ठेवायला जिलेटीन किंवा एखादा डिंक असतो. यांतले ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते आणि हवेतलाही ओढून घेते, ग्लुकोज सिरप साखरेचे पुन्हा दाणे होऊ देत नाही, आणि चरबीमुळे गोळा मऊसूत राहतो. म्हणजे फाँडंट वाळू नये अशीच त्याची सगळी घडण असते. वरून ते पातळ सालीसारखा थर धरते, पण आत बरेच दिवस मऊ राहते, आणि म्हणूनच केक कापताना सुरीखाली तुकड्याबरोबर सहज कापले जाते. गमपेस्टमध्ये ग्लिसरीन सहसा घालत नाहीत. तिचा जीव डिंकात असतो: पूर्वापार चालत आलेला ट्रॅगाकँथ, जो ॲस्ट्रॅगॅलस वंशातल्या काटेरी झुडपांतून पाझरतो, किंवा आता सर्रास वापरली जाणारी सीएमसी अथवा टायलोज पावडर, म्हणजे सेल्युलोजपासून केलेला डिंक. घरी करायची झाल्यास चार अंड्यांच्या पांढऱ्याला सुमारे 900 ग्रॅम आयसिंग शुगर आणि 35 ग्रॅमच्या आसपास टायलोज लागते. अंडे कच्चेच राहत असल्याने पाश्चराइज केलेला पांढरा भाग किंवा त्याची पावडर वापरणे सुरक्षित असते. हा डिंक गोळ्याला चिवटपणा देतो, त्यामुळे गमपेस्ट कागदाहून पातळ लाटली तरी फाटत नाही. आणि हवा लागून पाणी उडाले की साखर व डिंक मिळून चिनी मातीसारखा कडक, ठिसूळ पदार्थ तयार होतो.

फाँडंट हा शब्दच ‘विरघळणारा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे. साखरेचा पाक सुमारे 114 अंश सेल्सिअसपर्यंत उकळून, निववून, घोटून जे पांढरे दाट मिश्रण होते आणि छोट्या केकवर पातळ करून ओतले जाते, त्यालाही फाँडंटच म्हणतात. ते वेगळे. इथे बोलणे चालले आहे ते लाटायच्या फाँडंटबद्दल.

घरात नाव नसलेला गोळा निघाला, तर घटकांची यादी पाहावी: ग्लिसरीन किंवा त्याचा क्रमांक ई422 दिसला, तर ते बहुधा फाँडंट असते. नुसते ई413 म्हणजे ट्रॅगाकँथ किंवा ई466 म्हणजे सीएमसी दिसले म्हणून गमपेस्ट समजू नये, कारण तयार फाँडंटमध्येही हे डिंक थोडे घातलेले असतात. पाकीट टाकून दिले असेल, तर पट्टीची कसोटी पुरते. बोटभर लांबीची पट्टी शक्य तितकी पातळ लाटून लाटण्यावर आडवी टाकावी आणि रात्रभर उघडी ठेवावी. सकाळी पट्टी कमानीच्या आकारात ताठ उचलली गेली आणि वाकवताच कट्‌कन मोडली, तर ती गमपेस्ट. वरून कोरडी लागूनही चिमटीत धरताच लवली, तर ते फाँडंट. पावसाळी हवेत निकालाला आणखी एक दिवस द्यावा.

आता केक झाकण्याचे काम. हे फाँडंटचेच काम आहे आणि त्यात घाई अजिबात चालत नाही. केकवर आधी बटरक्रीमचा किंवा गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या दाट मिश्रणाचा) थर देऊन तो घट्ट होऊ द्यावा लागतो, कारण फाँडंट खालचा प्रत्येक खड्डा आणि उंचवटा जसाच्या तसा दाखवते. फेटलेल्या क्रीमवर मात्र ते टिकत नाही. क्रीममधले पाणी साखर विरघळवते आणि काही तासांत आच्छादन ओलसर होऊन घसरू लागते. पोळीचे माप सोपे आहे: केकचा व्यास अधिक उंचीची दुप्पट. 20 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 10 सेंटिमीटर उंचीच्या केकला 40 सेंटिमीटरची पोळी लागते, शिवाय कापून टाकायला भोवती थोडी जास्त ठेवावी. त्यासाठी साधारण पाऊण किलो फाँडंट मळून घ्यावे. जाडी तीन ते चार मिलिमीटर असावी. याहून पातळ पोळीतून खालचा थर डोकावतो, आणि फार जाड पोळी स्वतःच्या वजनाने वरच्या कडेवर ताणून फाटते.

पोळी केकवर टाकली की पहिले लक्ष वरच्या कडेकडे द्यावे, कारण सगळा ताण तिथेच येतो. तळहाताने आधी वरचा भाग, मग कड आणि मग बाजू खाली दाबत जावे. खाली पडणाऱ्या घड्या ओढून काढण्याऐवजी घेर हलकेच बाहेर उलगडून तळहाताने वर-खाली बसवल्या, तर त्या आपोआप जिरतात. आत हवेचा फुगा राहिला, तर बारीक सुई तिरपी टोचून हवा काढावी आणि वरून स्मूदर, म्हणजे गुळगुळीत करायची सपाट पट्टी, फिरवावा. कडेवर हत्तीच्या कातडीसारख्या बारीक भेगा दिसू लागल्या, तर गोळा वाळला किंवा लाटताना कॉर्नफ्लोअर जास्त झाले असे समजावे. उरलेल्या गोळ्यात थोडी चरबी मळली, तर तो पुन्हा वळणावर येतो, आणि केकवरच्या भेगांवर बोटाने चरबीचा अगदी अस्पष्ट हात फिरवला तरी बराच फरक पडतो.

याच जागी गमपेस्ट वापरली, तर काय होते? ती पसरते छान, किंबहुना फाँडंटपेक्षा पातळ पसरते, आणि पहिल्या तासात मोहात पाडते. पण दुसऱ्या दिवशी सुरी टेकवताच कवच फुटते, खालचा मऊ केक दबतो आणि पानात टोकदार तुकडे पडतात. ती खाण्यायोग्य घटकांचीच असते हे खरे, पण दातांखाली ती खडूसारखी लागते.

गमपेस्टचे खरे सामर्थ्य फुलांत आहे. गोळा चरबीच्या हाताने मळून, मटाराएवढा तुकडा घेऊन, खाली ठेवलेल्या छापील कागदावरची अक्षरे आरपार वाचता येतील इतका पातळ लाटता येतो. पाकळी कापल्यावर ती फोमच्या तुकड्यावर ठेवून गोल टोकाचे हत्यार अर्धे पाकळीवर आणि अर्धे फोमवर टेकवत कडेने फिरवायचे. दाबाने कड ताणली जाते आणि तिला आपसूक लाट येते. ही लाट टिकते ती गमपेस्ट पटकन वाळते म्हणून. तोच पटकन वाळण्याचा गुण काम करताना त्रासही देतो, कारण उघडी राहिलेली पाकळी थोड्याच वेळात चामड्यासारखी होते आणि मग वाकवली की चिरते. म्हणून एका वेळी दोन-तीनच पाकळ्या कापाव्यात आणि बाकीचा गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. चिकटवायला अंड्याचा पांढरा किंवा दोन मोठे चमचे पाण्यात पाव लहान चमचा टायलोज भिजवून केलेला गोंद पुरतो, आणि तोही ब्रशच्या टोकावर येईल इतकाच घ्यावा.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा पदार्थ आहे, आणि छोट्या बाहुल्या, प्राणी, रिबिनीचे बो यांसाठी माझ्या मते तोच सर्वांत सोयीचा आहे. 250 ग्रॅम फाँडंटमध्ये एक लहान चमचा सीएमसी मळून गोळा काही तास, शक्यतो रात्रभर, गुंडाळून ठेवला की तो आकार धरू लागतो आणि तरी गमपेस्टइतक्या घाईने वाळत नाही. मात्र मूळच्या फाँडंटमधले ग्लिसरीन कुठे जात नाही, त्यामुळे दमट हवेत अशी बाहुली पुन्हा नरम पडू शकते. बारीक तारेवर बसवायच्या नाजूक पाकळ्यांसाठी ही तडजोड चालत नाही.

ओलाव्याशी वैर दोघांचेही आहे, फक्त त्याचे परिणाम निराळे होतात. झाकलेला केक फ्रिजमधून काढून थेट उघड्यावर ठेवला, तर थंड पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमतात, फाँडंट चमकते आणि बोटाला चिकटते, आणि अशा वेळी पुसायला जाणे हे सर्वांत वाईट. न शिवता तसाच ठेवला, तर ते पाणी हळूहळू उडून जाते. फ्रिजमध्ये ठेवणे भागच असेल, तर केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावरही खोके खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. गमपेस्टची फुले मात्र फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नयेत, कारण वाळलेली पाकळी ओलावा शोषून मऊ पडते आणि तारेवरून गळते. कच्ची गमपेस्ट हवाबंद ठेवायची असते, पण तयार फुले हवाबंद डब्यात कोंडायची नसतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी आणि उजेडापासून दूर ती कित्येक महिने राहतात. उजेडाची काळजी दोघांनाही घ्यावी लागते, कारण जांभळ्यातली गुलाबी छटा उडून तो निळा दिसू लागतो.

यामुळे कामाचा क्रमही ठरून जातो. फुले आठवडाभर आधी करावीत, केक एक दिवस आधी झाकावा आणि फुले शेवटी, केक मांडताना लावावीत. फुलांच्या तारा केकमध्ये थेट खुपसू नयेत. आधी प्लॅस्टिकची पोकळ नळी रोवून तार त्या नळीत बसवावी, आणि किती तारा लावल्या ते कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे केक कापण्याआधी तितक्याच तारा बाहेर निघाल्या का हे मोजता येते.