वाकून पाहण्याच्या तपासणीचा वाद

मुलगी पाठमोरी उभी राहते, दोन्ही तळवे जुळवते आणि गुडघे ताठ ठेवून कमरेतून खाली वाकते. मागे बसलेली व्यक्ती डोळे तिच्या पाठीच्या पातळीला आणून बघते: एका बाजूच्या बरगड्या वर आल्यात का? स्कोलिओसिसची, म्हणजे कणा कडेला वळण्याच्या विकाराची, ही तपासणी १८६५ पासून माहीत आहे, अर्ध्या मिनिटात होते. वाद आहे तो शाळेतल्या सगळ्याच मुलांची ती करावी का, याचा.

अमेरिकेत १९६० च्या दशकात ती शाळांत सुरू झाली, पुढे अनेक राज्यांनी सक्तीची केली. कण्याचा बाक लवकर सापडला तर ब्रेसने, म्हणजे धडाभोवती घालायच्या आधाराच्या साच्याने, आवरता येतो आणि शस्त्रक्रिया टळते, एवढाच त्यामागचा विचार. १९४० च्या दशकातल्या ब्रेसला गळ्याभोवती कडे आणि पाठीपोटावर धातूच्या पट्ट्या असत. १९७० च्या दशकात कपड्यांखाली झाकले जाणारे प्लॅस्टिकचे ब्रेस आले. मुली ते वर्षानुवर्षे घालत राहिल्या. पण ब्रेस न घातलेल्या मुलींशी भक्कम तुलना कुणी केलीच नव्हती.

हीच उणीव पुढे महागात पडली. १९९६ मध्ये अशा तपासण्यांबाबत सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने ‘पुरावा अपुरा’ म्हटले होते. २००४ मध्ये त्याच मंडळाने सरसकट तपासणी करू नका असा सल्ला दिला. कधीच न वाढणाऱ्या दहा-पंधरा अंशांच्या बाकासाठी एक्स-रे आणि दवाखान्याच्या खेपा होतात, हा आक्षेप खरा होता. तरीही पुरावा गोळाच झालेला नसताना थेट नकार देणे मला चूक वाटते. २०१३ च्या अभ्यासात ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत ४८ टक्के. ब्रेस रोज जितके जास्त तास अंगावर, तितके यश अधिक. २०१८ मध्ये मंडळ पुन्हा ‘पुरावा अपुरा’वर आले. मधली चौदा वर्षे मुलांच्या वाढीची होती.

आपल्याकडे ‘पोक’ हा शब्द आणखी घोळ घालतो. पोक म्हणजे पुढे झुकणे. स्कोलिओसिसमध्ये कणा कडेला वळतो आणि मणके पिळले जातात. वाढत्या वयात दिसणाऱ्या नेहमीच्या प्रकाराचे नेमके कारण सापडलेले नाही. तो दप्तराने होत नाही, वाकडे बसण्यानेही नाही. युनिफॉर्मची एक बाजू खाली लोंबू लागते, एक खांदा वर दिसतो, आणि घरचे मुलीला ‘ताठ बस’ म्हणत राहतात. ब्रेसचा उपयोग मात्र हाडे वाढत आहेत तोवरच होतो.