बिशपचे हात कुठवर पोहोचतात? मुंबई धर्मप्रांताच्या विभागणीची पार्श्वभूमी

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या, परंपरेत काही गोष्टी बिशपशिवाय अडतात. बाप्तिस्मा पाळक देतो, लग्न लावतो, मातीही देतो. पण दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याची श्रद्धा पक्की करण्याच्या विधीत, डोक्यावर हात ठेवायला बिशपच लागतो. नव्या पाळकाला दीक्षा द्यायची, नवं चर्च देवाला अर्पण करायचं, तर तिथेही तोच. त्यामुळे धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपकडच्या मुलखाची, हद्द बदलायचा, विभागासाठी वेगळा बिशप नेमायचा प्रश्न निघाला की तो कागदावरचा कारभार वाटला, तरी त्याच्या मुळाशी एक साधी अडचण असते: बिशप गावापर्यंत पोहोचतो का? महाराष्ट्रातल्या या मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती भाविकांच्या समुदायाचा, दोनशे वर्षांचा इतिहास याच अडचणीभोवती फिरतो.

१८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानासाठी एकच बिशप मंजूर केला. तो बसणार कलकत्त्याला आणि त्याच्या हाताखाली कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथे एकेक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या वतीने कारभार पाहणारा पाद्री. १८२४ पासून तर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा आर्चडीकनही याच कलकत्त्याच्या बिशपकडे जोडलेला होता. आज नकाशावर बोट फिरवलं तरी छाती दडपते. मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स. त्यांनी १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी सुरू केली, आणि देवळालीची बार्न्स शाळा आजही त्यांचं नाव चालवते. माणूस कर्तबगार होता, पण आर्चडीकनच्या पदाला मर्यादा होती. तो तपासणी करील, पाद्र्यांच्या तक्रारी ऐकेल, हिशेब मागेल; दृढीकरण आणि दीक्षा मात्र त्याच्या हातात नाही. विभागीय नेतृत्व होतं, पण अर्धं.

रेजिनल्ड हेबर हे कलकत्त्याचे दुसरे बिशप. १८२५ मध्ये ते मुंबईला आले, पुढे घाट चढून पुण्याला गेले आणि तिथल्या लष्करातलं नवं सेंट मेरीज चर्च त्यांनी अर्पण केलं. पुण्यातल्या त्या इमारतीला आजही या प्रसंगाची ओळख आहे. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १८२६ ला, त्रिचनापल्लीत सकाळी तमिळ ख्रिस्ती लोकांचं दृढीकरण करून ते मुक्कामी परतले आणि स्नानाच्या हौदात त्यांचा अंत झाला. त्यांच्या आधीचे, पहिले बिशप मिडलटन १८२२ मध्ये गेले होते. नंतर जेम्स १८२८ मध्ये आणि टर्नर १८३१ मध्ये गेले. दहा वर्षांच्या आत चार बिशप पदावर असताना वारले. एका माणसावर एवढा मुलूख लादणं म्हणजे त्याला मरणाच्या वाटेला लावणं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि लंडनला ते कळायला चार थडगी लागली.

१८३३ च्या सनदेत मद्रास आणि मुंबईला स्वतंत्र बिशप मंजूर झाले. मद्रासला १८३५ मध्ये डॅनियल कॉरी आले, मुंबईला १८३७ मध्ये थॉमस कार. कार आधी मुंबईचेच आर्चडीकन होते, म्हणजे ज्याला अडचण ठाऊक होती त्याच्याच हाती आता पूर्ण अधिकार आला. १७१८ च्या नाताळात उघडलेलं फोर्टातलं सेंट थॉमस चर्च त्याच वर्षी कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. चर्चगेट स्टेशनाला ज्या चर्चवरून नाव मिळालं, ते हेच.

पण या विभागणीचं माप होतं इलाख्याचं. गुजरातपासून दक्षिणेत कर्नाटकापर्यंत एकच बिशप, त्याचा पगार सरकारी तिजोरीतून, आणि त्याचं पहिलं कर्तव्य गोऱ्या पलटणींच्या पाद्र्यांवर देखरेख ठेवण्याचं. मराठी बोलणारी मंडळी तेव्हा या चित्राच्या कडेलाच होती. नागपूर तर या हद्दीतच नव्हतं. ते कलकत्त्याकडे होतं आणि १९०३ मध्ये त्याचा वेगळा धर्मप्रांत झाला.

दरम्यान मंडळी वाढत होती ती मिशनांच्या कामातून. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी १८३२ मध्येच आली होती. तिथे तिने शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७३-७४ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. नगर जिल्ह्याच्या खेड्यांत दुसरी अँग्लिकन संस्था, एस. पी. जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल), काम करत होती, पुण्यात पंचहौद मिशन होतं. हे तेच पंचहौद, जिथल्या चहावरून १८९० मध्ये टिळक-रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याची, म्हणजे जातीच्या बहिष्काराची, वेळ आली. या साऱ्यांचा बिशप एकच आणि तो मुंबईत.

उपाय दक्षिणेत आधीच सापडला होता. १८७७ मध्ये तिरुनेलवेलीसाठी कॉल्डवेल आणि सार्जंट यांना मद्रासच्या बिशपचे सहायक बिशप नेमलं गेलं. १८९६ मध्ये तिथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आधी सहायक बिशप, मग त्या भागाला स्वतःचा धर्मप्रांत. हीच वाट पुढे नाशिकने धरली. नगर जिल्ह्यात मिशनरी म्हणून काम केलेले फिलिप लॉइड १९२५ मध्ये मुंबईचे सहायक बिशप झाले. तेव्हाचे मुंबईचे बिशप एडविन पामर. १९२९ मध्ये नाशिक धर्मप्रांत निघाला आणि लॉइड त्याचे पहिले बिशप झाले.

मला या साखळीतला हाच दुवा सगळ्यांत मोलाचा वाटतो. आधीच्या हद्दी सरकारच्या सोयीने आखल्या होत्या. नाशिकची आखणी मात्र मराठी खेड्यांतल्या मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून झाली. वेळही तशीच होती. १९२७ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चला इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने मोकळं केलं आणि १ मार्च १९३० पासून ते स्वतःचा कारभार पाहू लागलं. लॉइड स्वतः इंग्रज होते, हे खरं. आजच्या तेलंगणातल्या दोर्नकलला व्ही. एस. अझरायांच्या रूपाने १९१२ मध्येच भारतीय बिशप मिळाला होता. आपल्याकडे तेवढी हिंमत वेळेवर झाली नाही, आणि ती खंत बाळगायलाच हवी.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून नगरला होतं. त्या परंपरेतल्या मंडळ्यांना बिशप हे पदच नवं. त्यांच्याकडे पाळक आणि मंडळीची सभा मिळून निर्णय घेत. एकीकरणानंतर अशा अनेक मंडळ्या बिशपच्या छायेखाली आल्या. नंतर पुणे आणि मराठवाड्यालाही स्वतःचे धर्मप्रांत मिळाले.

आजही गावातल्या मंडळीत दृढीकरणाची तयारी सुरू झाली की मुलांचे वर्ग आधी भरतात, पांढरे कपडे शिवायला टाकतात, आणि उपासनेनंतर बाहेर उभं राहून बायका पाळकसाहेबांना एकच विचारतात: बिशपसाहेबांची तारीख मिळाली का?