क्रिएटिनिन नॉर्मल, तरीही मूत्रपिंडाचा आजार

मूल दोन वर्षांचं झालं तरी अंगाला काही लागत नाही. पाणी सारखं मागतं, रात्री उठूनही पितं आणि लघवीही तितकीच होते. पाय फेंगडे दिसू लागतात, मुडदूस समजून ड जीवनसत्त्व सुरू होतं. फाइलवर ‘किडनी नॉर्मल’ असा शेरा असतो, कारण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडातून गाळला जाणारा टाकाऊ पदार्थ, तपासलेलं असतं. डिस्टल रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस हा आजार निसटतो तो इथेच.

मूत्रपिंडात आधी रक्त गाळलं जातं, प्रौढ माणसात दिवसाला सुमारे १८० लिटर. हा द्रव मग सूक्ष्म नलिकांतून जातो. तिथे ९९ टक्के पाणी, क्षार आणि आम्ल शमवणारं बायकार्बोनेट रक्तात परत घेतले जातात आणि जादा आम्ल लघवीत सोडलं जातं. क्रिएटिनिन फक्त गाळणीची स्थिती सांगतं. नलिका बिघडलेल्या असल्या तरी ते वर्षानुवर्षं चांगलं राहू शकतं.

या आजारात नलिकेच्या शेवटच्या भागाला आम्ल बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठतं आणि ते शमवण्यासाठी हाडांतला क्षार खर्ची पडतो. हाडांतून सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं. लघवी आम्लधर्मी होत नाही आणि खडे रोखणारं सायट्रेटही तिच्यात कमी असतं, त्यामुळे कॅल्शियम मूत्रपिंडातच साचतं. सोनोग्राफीत ‘नेफ्रोकॅल्सिनोसिस’ लिहून येतं ते हेच. पोटॅशियमही वाहून जातं. ते फार उतरलं तर मूल लुळं पडतं, क्वचित श्वासाचे स्नायूही थकतात.

निदानाला ब्लड गॅस (रक्तातलं आम्ल आणि बायकार्बोनेट दाखवणारी तपासणी) आणि सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढ्या तपासण्यांपासून सुरुवात होते. समजा सोडियम १३८, क्लोराइड ११६ आणि बायकार्बोनेट १२ आहे. १३८ मधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज, म्हणजे १२८, वजा केली की १० उरतात. ही तफावत, म्हणजे अ‍ॅनायन गॅप, नॉर्मल आहे. तरी रक्त आम्लधर्मी आहे. अशा वेळी लघवीचा सामू (pH, कमी म्हणजे जास्त आम्ल) ५.५ च्या वर राहिला तर संशय पक्का होतो. सामू ताज्या लघवीत आणि शक्यतो मीटरवर मोजावा, पट्टीचा रंग ढोबळ असतो. जुलाबातही रक्ताचं चित्र असंच दिसतं, म्हणून जुलाब थांबून मूल सावरल्यावर तपासणी पुन्हा करावी. बोट पिळून रक्त काढलं तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. खरी कमतरता झाकली जाते.

ड जीवनसत्त्वाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पूर्ण मात्रा देऊन महिन्याभरानेही मनगटाच्या एक्स-रेत हाड भरण्याची रेघ दिसत नसेल, तर आणखी ६ लाख युनिटचं इंजेक्शन हा उपाय नव्हे. या मुलांच्या लघवीत कॅल्शियम आधीच जास्त असतं. जादा डोसाने मूत्रपिंडातला साठा वाढतो. तेव्हा आधी ब्लड गॅस करावा.

औषध साधं असतं: सायट्रेट किंवा बायकार्बोनेट. मोठ्या मुलांना दिवसाला किलोमागे २ ते ४ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक), तान्ह्या बाळांना बरेचदा त्याहून अधिक. हा डोस तीन-चार वेळांत विभागतात, कारण एका डोसाचा परिणाम काही तासांतच ओसरतो. रात्रीचा डोस चुकला की सकाळी रक्त पुन्हा आम्लधर्मी असतं. म्हणूनच तपासणीचं रक्त डोस देण्याच्या आधी घ्यावं. पोटॅशियम खूप कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं. सायट्रेट किंवा बायकार्बोनेट दिलं की पोटॅशियम पेशींत शिरतं आणि रक्तातली पातळी आणखी घसरते.

घरातला खायचा सोडा म्हणजे बायकार्बोनेटच. पण सपाट चहाच्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे ६० च्या आसपास मिलिइक्विव्हॅलंट भरतात. १० किलोच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेहून हे जास्त आहे, म्हणून अंदाजाने सोडा देऊ नये. मुलाचं पाणी कधी तोडू नये. उलट्यांमुळे औषध पोटात ठरत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड टाळावं. वजन वाढेल तसा डोसही वाढवावा लागतो, हे बरेचदा राहून जातं.

वेळेत उपचार झाले तर उंची भरून निघते. उशीर झाला तर साचलेलं कॅल्शियम सहसा जात नाही आणि पुढे गाळणीही मंदावू शकते. तेव्हाही प्रयोगशाळेच्या कागदावर विसंबू नये, कारण तिथली क्रिएटिनिनची मर्यादा बहुधा प्रौढांची छापलेली असते. गाळणीचा वेग काढण्यासाठी सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) भागावं. ८५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.८ असेल तर उत्तर सुमारे ४४ येतं. या वयात ते ९० च्या वर हवं. तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिलं तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरतो.

हा आजार बरेचदा आईवडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. मामाच्या मुलीशी किंवा इतर जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते. आईवडील दोघांकडेही तो सदोष जनुक असेल तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका असतो, म्हणून भावंडांचीही तपासणी करावी. काही जनुकांच्या दोषात बहिरेपणही येतं आणि ते सायट्रेट-बायकार्बोनेटने थांबत नाही. निदान होताच श्रवणचाचणी करावी आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करत राहावी.