फेडरलिस्ट व रिपब्लिकन : अमेरिकेतील पहिले पक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९० च्या दशकात उभे राहिलेले दोन परस्परविरोधी राजकीय पक्ष. १७८७ च्या संविधानात पक्षांचा उल्लेखही नाही. संविधानकर्त्यांच्या लेखी पक्ष म्हणजे घातक गटबाजी होती. तरीही पहिली फूट पडली ती खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांच्यात. हॅमिल्टनच्या बाजूचे ते फेडरलिस्ट, जेफर्सनच्या बाजूचे ते रिपब्लिकन.

वादाचे मूळ कर्जात होते. स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांना पगारापोटी मिळालेले रोखे अनेकांनी गरजेपायी सटोडियांना कवडीमोलाने विकले होते. १७९० मध्ये हॅमिल्टनने हे रोखे दर्शनी किमतीने आणि ते आज ज्यांच्या हाती आहेत त्यांनाच फेडावेत, शिवाय राज्यांची युद्धकर्जेही केंद्राने घ्यावीत, असे सुचवले. मूळ सैनिकांना वाटा मिळावा म्हणून जेम्स मॅडिसन प्रतिनिधिगृहात झगडला आणि हरला. या इतिहासातील खरी कलाटणी हीच म्हणावी लागेल, कारण दोनच वर्षांपूर्वी मॅडिसन आणि हॅमिल्टन संविधानाच्या समर्थनार्थ एकत्र लेख लिहीत होते. राज्यांच्या कर्जांवर तडजोड झाली व राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याचे ठरले. पण १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या घटनात्मकतेवरून वाद पुन्हा पेटला.

त्याच वर्षी फिलिप फ्रेनोने हॅमिल्टनविरोधी वृत्तपत्र काढले. जेफर्सनने त्याला आपल्याच खात्यात भाषांतरकाराची नोकरी दिली होती. फ्रान्स व ब्रिटन यांच्या युद्धाने आणि जॉन जे याने ब्रिटनशी केलेल्या १७९४ च्या कराराने हा कलह राजधानीबाहेर गावोगावी पोहोचला. व्यापारी ईशान्येत फेडरलिस्टांचा, तर शेतीप्रधान दक्षिणेत रिपब्लिकनांचा जोर होता. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, तो १८५४ मध्ये स्थापन झाला.)

१७९६ च्या निवडणुकीतून फेडरलिस्ट जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाला आणि त्याचा प्रतिस्पर्धी जेफर्सन उपाध्यक्ष, कारण दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ते पद मिळे. १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात टाकण्यात आले. सत्ताधाऱ्यांची ही सर्वांत मोठी चूक होती. १८०० मध्ये अ‍ॅडम्स हरला. मात्र जेफर्सन आणि त्याच्याच पक्षाचा एरन बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मते पडली. हा पेच प्रतिनिधिगृहात ३६ व्या फेरीत सुटला. पुढे १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मतदान आले. पक्षांचे नाव न घेताही संविधानाने त्यांच्यासाठी जागा केली.